कुलूप उघडलेला फोन

आमच्या पाड्यात फोन घरोघर आहेत, रेंज मात्र टेकडीवर आहे. मोखाड्याच्या रस्त्याला टॉवर उभा राहिला तेव्हा लोकांनी नारळ फोडला होता. तो टॉवर अजून उभा आहे, याहून जास्त चांगलं त्याच्याबद्दल मला काही बोलता येत नाही. ज्याला कुणाशी बोलायचं असेल त्यानं पाड्यामागची टेकडी चढायची, वरच्या ऐनाच्या झाडाखाली काळा खडक आहे त्यावर उभं राहायचं आणि रेंजची वाट बघायची.

रोज सगळ्यांना चढणं जमत नाही. त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. संध्याकाळी जो कुणी वर जाईल तो शेजारपाजारचे फोनही पिशवीत घालून नेतो. खडकावर सगळे फोन मांडायचे, मेसेज उतरू द्यायचे, कुणाचा फोन येऊन गेला असेल तर घरी येऊन सांगायचं. रेंज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून फोननं पडद्यावर काहीही विचारलं की वाचत न बसता 'ओके' दाबून मोकळं व्हायचं, हेही त्या रीतीतच आलं. पिशवीतले फोन एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी फोनच्या पाठीवर टिकली चिकटवतं, कुणी नेलपॉलिशचा ठिपका देतं, कुणी दोरा बांधतं.

टेकडीवर कायदा एकच आहे. कुणी बोलायला लागलं की बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ करून बसायचं. माळावर आडोसा नाही, भिंत नाही, तेव्हा आमच्या पाठी हीच भिंत. ऐकू येतंच, पण ऐकलं नाही असं सगळे धरून चालतात.

माझी आई दर रविवारी ही टेकडी चढायची ती माझ्या बहिणीशी बोलायला. बहीण माझ्याहून धाकटी. लग्न होऊन सिल्वासाला गेली, तिथं नवराबायको दोघंही धाग्याच्या कंपनीत. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे शाळेतली हजेरी. दादा, बरा आहेस ना, बरा आहे, आयेला दे. आयेला दिला की मग खरं बोलणं सुरू. काय बोलायच्या देव जाणे, मी पाठ करून बसलेला असायचो. अधूनमधून हसणं यायचं, अधूनमधून नुसतीच शांतता. लहानपणीही ही पोर आईच्या पदराला धरून कुजबुजायची आणि मी जवळ गेलो की गप्प व्हायची. मला त्याचा राग यायचा आणि खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा येतो.

आईचे कान लहानपणापासून वाहायचे. साखरशेतकडच्या एका म्हातारीनं कसला तरी रस घातला, त्यानं वाहायचे थांबले आणि ऐकूही कमी येऊ लागलं. इतकी वर्षं निभावलं. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र फारच उतरलं. समोरासमोर तोंड बघून ती कळून घ्यायची, फोनवर तोंड दिसत नाही. रविवारी टेकडीवर ती फोन कानात घुसवून "काय? काय?" करू लागली आणि शेवटी माझ्या हातात फोन देऊन दुसरीकडे बघू लागली.

जव्हारच्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये तिला उलट्या होतात, तरी आली बिचारी. डॉक्टर म्हणाले नस कमजोर झाली आहे, आहे ते ऐकू येणंही हळूहळू कमी होत जाईल. कानाचं मशीन मिळालं. टेकडीवरच्या वाऱ्यात ते शिट्टी मारायचं. कानात कोणीतरी किडा सोडलाय, असं म्हणून तिनं ते कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं. मी फोनचा स्पीकर मोठ्यानं लावून पाहिला. आवाज फाटायचा, तिला गोंगाट ऐकू यायचा, शब्द नाही. शिवाय बहिणीचं बोलणं सगळ्या माळाला ऐकू गेलं असतं.

मी मोखाड्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात काम करतो. लोकांना वाटतं मला फोनमधलं सगळं कळतं. मला अर्ज भरायचे कळतात. फोनमधलं कळणारा माणूस जव्हारला एसटी स्टँडच्या बाजूला होता, मोबाईल रिपेअरवाला, तोंडात सतत बडीशेप आणि बोलणं असं की जणू त्यानंच फोनचा शोध लावला. त्याला आईचं सांगितलं. तो म्हणाला, कंपनी प्रत्येक फोनला आवाजाची हद्द घालून देते आणि वर कुलूप लावते. कुलूप उघडलं की हद्द आपल्या हातात. फोन रूट करायचा म्हणजे तेच, आपल्याच घराची मालकी आपण घ्यायची.

मी म्हटलं, धोका काय? तो म्हणाला, धोका आहे ना. कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जाईल. वॉरंटी संपली. बँकेचे, पैशांचे अ‍ॅप असल्या फोनवर चालत नाहीत, त्यांना वास येतो. आवाज फार चढवला तर स्पीकर फाटेल, कानालाही बरं नाही. आवाजाची जी फाईल टाकायची ती इंटरनेटवरून घ्यायची, कुणा परक्या देशातल्या पोरानं हौसेनं केलेली. त्यानं त्यात आणखी काय घातलं असेल ते आपल्याला दिसत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कंपनीचा अपडेट. तो मी बंद करून देतो, पण कधी फोननं विचारलंच तर दाबायचा नाही. दाबला की फोन डेड.

एवढं सगळं त्यानं हसत हसत सांगितलं. मी एकेक धोका आईच्या फोनला लावून पाहिला. पुसलं जाण्यासारखं त्यात काही नव्हतं. बँक ती अंगठ्यानं करते. परक्या देशातल्या पोरानं तिचं बोलणं चोरून ऐकलं असतं तरी त्याला नाचणी कशी झाली याखेरीज काय कळणार होतं? राहिला अपडेट. रिपेअरवाल्यानं आठवण म्हणून फोनच्या पाठीवर वायरीला गुंडाळतात तसल्या लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला. ही दिसली की अपडेट नाही, म्हणाला. मी घरी येऊन आईला आणि शेजारच्या काकीला तसं सांगितलंही. काकी बहुतेक वेळा पिशवी घेऊन वर जायची.

आता फोन सुरू केला की आधी काळा पडदा यायचा आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत इंग्रजीत इशारा, की या फोनमध्ये फेरफार झालेला आहे, याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. आईनं विचारलं, काय लिवलंय? मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, म्हणतोय माझ्यावर विश्वास ठेवू नका. ती म्हणाली, निदान खरं तरी बोलतोय.

पहिल्या रविवारी आम्ही वर गेलो. मी फोन लावला, हजेरी दिली आणि आईच्या हातात दिला. रिपेअरवाल्यानं नुसता आवाज मोठा केला नव्हता, बारीक आवाज जास्त वर आणले होते, शब्दांच्या कडा उठून याव्यात म्हणून. आई पहिल्यांदा दचकली. फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा जवळ नेला. मग म्हणाली, "आता बेस आयकू येतं. तुला खोकला झालाय का गो?"

खोकल्याचा पत्ता मला नव्हता. मी पाठ फिरवली. खडकावर बसलेल्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या आणि त्यांनीही पाठ फिरवली. खाली खाचरं कापून रिकामी झाली होती आणि मला फार बरं वाटलं. विनापरवाना काही केल्याचं टोचणं वगैरे अजिबात वाटलं नाही. उलट कंपनीचाच राग आला. ज्यांचे कान चांगले त्यांच्या मापानं हद्द ठरवून ठेवायची आणि वर कुलूप लावायचं, हे कुणी सांगितलं होतं?

हिवाळाभर असं चाललं. फोन पूर्वीपेक्षा चपळही झाला होता. कंपनीनं भरून ठेवलेला पाला रिपेअरवाल्यानं काढून टाकला होता, त्यामुळे बॅटरी जास्त टिकायची, आणि आमच्याकडच्या विजेला तेच मानवतं. रविवारी टेकडी उतरताना आई मला न विचारताच सांगायची, पोरीची खोली बदलली, पोरीच्या कंपनीत रात्रपाळी लावली. एवढंच सांगायची. बाकीचं तिचं ती ठेवायची. पण कधीकधी उतरताना ती गप्प असायची आणि घरी आल्यावर उगाच भांडी आपटायची. होळीला बहीण येणार होती, आली नाही. सुट्टी नाही, म्हणाली. मी ते खरं धरलं. आईनं धरलं नसावं.

होळीनंतर मी दुकानाच्या कामात अडकलो, दाखल्यांसाठी लोकांची रीघ लागली होती, घरी यायला अंधार व्हायचा. फोन काकीबरोबर वर जात होता. एका संध्याकाळी फोननं काहीतरी विचारलं आणि काकीनं 'ओके' दाबलं. मी सांगितलेलं तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. लाल पट्टीच्या फोनला जपायचं, एवढं तिच्या लक्षात होतं. पण आमच्याकडे फोनच्या पाठीवर काही चिकटवलेलं असलं तर ती त्या घराची खूण असते. लाल पट्टी म्हणजे आमचा फोन. तो जपायचा म्हणजे त्याचं काम आधी करायचं.

तिनं मला सगळं फार आनंदानं सांगितलं. तुमचा फोन लय मोठं काहीतरी उतरवत होता, मधेच रेंज जायची, अर्धवट राहायचं. दोनतीन संध्याकाळी मी मुद्दाम मागं थांबले, सगळे गेले तरी थांबले, म्हटलं म्हातारीचा फोन आहे, पुरा होऊ दे. आज झाला एकदाचा पुरा.

फोन तिच्या हातात होता. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, जायचं, पुन्हा यायचं. पुढे काही नाही. मला इतका राग आला की कानशिलं तापली, आणि तो काढायला जागा नव्हती. काकी अंधारात आमच्या फोनसाठी ऐनाखाली बसून राहिली होती. तिला काय बोलणार? मी म्हटलं, बरं केलंत काकी. आणि घरात जाऊन पाणी प्यायलो.

जव्हारला गेलो. रिपेअरवाल्यानं केबल लावली, बटणं दाबली, बडीशेप संपवून दुसरी तोंडात टाकली. मग पहिल्यांदाच तो कमी बोलला. नव्या अपडेटनं नवं कुलूप बसवलंय आणि जुनं मोडलंय, आता आतही जाता येत नाही न् मागंही. मी म्हटलं, तसलाच दुसरा फोन देतो, त्याच्यावर टाक. त्यानं शोधलं. त्या फोनचं कुलूप उघडायची किल्ली कंपनीनं द्यायची बंद केली होती. दुसऱ्या कंपनीचा पाहिला. त्याचं कुलूप उघडत होतं, पण आवाजाची फाईल त्याला चालेना. आणि ज्या परक्या पोरानं ती फाईल केली होती त्याचं पान इंटरनेटवरून गायब झालं होतं. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही, त्यानं का काढून टाकलं ते ठाऊक नाही. हात कुणाला जोडायचे तेही कळेना. कंपनीच्या नंबरवर मी स्वतः फोन केला. तिकडच्या बाईनं फार गोड हिंदीत विचारलं, फोनमध्ये बाहेरून काही फेरफार केलाय का? मी हो म्हटलं. तिथंच बोलणं संपलं.

आईला नवा, साधा, कुलूपबंद फोन आणून दिला. आवाज वाढवायची अ‍ॅप घालून पाहिली. त्यानं गाणी मोठ्यानं वाजायची, कॉल तसाच. टेकडीवर नेऊन लावून पाहिलं. आईनं कानाला लावला, थोडा वेळ धरला आणि मान हलवली. ऊन उतरलेलं होतं, तिच्या तोंडावर सरळ पडत होतं, आणि ती काहीच ऐकत नव्हती हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी म्हटलं, आता तिला सांगून टाकतो. तू मला सांग, मी तिला सांगेन, ती सांगेल ते मी तुला सांगेन.

आईनं माझं मनगट धरलं. "नाय सांगायचा," ती म्हणाली. "मला आयकू येत नाय कळला तं ती बोलायचीच नाय. तुझ्याशी बोलते का ती? मंग बोलंल कोणाशी?"

मी पुष्कळ वाद घातला. बहिऱ्या माणसाशी वाद घालणं म्हणजे हातवारे करणं, त्यात आपणच वेडे दिसतो. ती ऐकेना, म्हणजे दोन्ही अर्थांनी ऐकेना. मग मीही मान तुकवली. तिचंही खरं होतं. बहीण माझ्याशी बोलली नसती.

त्यानंतर दर रविवारी आमचं ते सुरू झालं. मी फोन लावायचा, हजेरी द्यायची, आईच्या हातात द्यायचा. आई आपलं सांगायची, मोहाचं, कोंबडीचं, कुणाच्या लग्नाचं. मग थांबायची. नेमकी तेवढीच थांबायची जेवढं एरवी बहीण बोलली असती. मग "हां". मग पुन्हा थोडी थांबून "हां हां, तसाच असतंय." इतक्या वर्षांच्या बोलण्याचा ठेका तिच्या अंगात होता. शेवटी नेहमीचं एक वाक्य, "घर सांभाळ, सुखानं राहा," आणि फोन माझ्याकडे. बहिणीला संशय आला नाही. आमच्या टेकडीवरून बोलणारं प्रत्येक माणूस अर्धं वाऱ्याशी आणि अर्धं रेंजशी बोलत असतं, तेव्हा कुठं काही जुळलं नाही तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मी पाठ करून बसायचो आणि मला कधी हसू यायचं, कधी उठून कुठंतरी निघून जावंसं वाटायचं.

मागच्या रविवारी टेकडीवर बरीच माणसं होती. लग्नसराई, सगळ्यांनाच कुणाला ना कुणाला आवतण द्यायचं होतं. मी फोन लावला. बहीण म्हणाली, दादा, आयेला दे. हजेरीसुद्धा घेतली नाही. मी दिला आणि सगळ्यांबरोबर पाठ फिरवली.

आईनं मोहाचं सांगितलं. थांबली. "हां." थांबली. "हां हां, तसाच असतंय." मग नेहमीचं शेवटचं वाक्य यायला हवं होतं, आलं नाही. आई नवा फोन कानाशी धरून बसून राहिली. तिला काय कळत असेल? कदाचित कानाला लागून कसली तरी थरथर कळत असेल. ती मधूनमधून हुंकार देत होती आणि कॉल पुष्कळ वेळ चालला. काकीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मागं वळणार होतो. पण बोलणाऱ्याकडे पाठ ठेवायची असते आणि माझी मान वळली नाही. शेवटी आईचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा, बहिऱ्या माणसाचा.

"घर सांभाळ, सुखानं राहा."

तिनं फोन माझ्याकडे दिला. कॉल संपला होता. आमच्यानंतर काकीनं आपल्या भावाला फोन लावला, बाजूला आणखी कुणीतरी लावला. थोड्या वेळानं माझ्या फोनवर मेसेज आला. बहिणीचा होता. ती मला कधी मेसेज करत नाही.

'दादा, आयेला सगळं सांगितलं. परत येऊ का विचारलं. ती म्हणाली घर सांभाळ. आता नाही येत. तू आयेला काही विचारू नको.'

मी तो मेसेज वाचला आणि लगेच तिला फोन लावला. एकदा वाजला, कुणीतरी कापला. पुन्हा लावला तर बंद. पुन्हा बंद. खडकावर चढलो, हात वर करून लावला, जसा काही दोष रेंजचा होता. बंद.

सकाळच्या पहिल्या गाडीनं सिल्वासाला निघायचं मी तिथंच ठरवलं. पण तिच्या नव्या खोलीचा पत्ता मला ठाऊक नव्हता. खोली बदलल्याचं ती आईला म्हणाली होती, त्या मोठ्या आवाजाच्या दिवसांत, आणि आईनं मला तेवढंच सांगितलं होतं. खोली कुठं घेतली ते आईनं ऐकलेलं असणार. म्हणजे आईला विचारायला हवं होतं. आणि का विचारतोय तेही सांगायला हवं होतं.

आई माझ्याकडेच बघत होती. "आज लय बोलली," ती म्हणाली. तिचं तोंड खुशीत होतं. "काय म्हणत होती रे?"

मी तिच्याजवळ बसलो. ओठ बघून तिला शब्द कळावेत इतका उजेड आता उरला नव्हता. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, ती परत येऊ का विचारत होती. तिला ऐकू गेलं नाही. "काय?" ती म्हणाली. आणखी थोड्या मोठ्यानं बोलायला गेलो तर काकीचं फोनवरचं बोलणं मधेच थांबलं. सगळ्या पाठी आमच्याकडे होत्या आणि कुणी काही बोलत नव्हतं. त्या माळावर आईला ऐकू जाईल असं काही बोलायचं तर ते पाड्याला ऐकू गेल्याशिवाय राहणार नव्हतं, आणि माझ्या बहिणीनं ते आजवर मलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"काय म्हणाली?" आईनं पुन्हा विचारलं.

मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळी ताकद लावून ओरडलो, "खुशीत आहे."

आईला ते ऐकू आलं. तिनं मान डोलावली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. उतरताना तिनं वाटेत पडलेली मोहाची फुलं पदरात गोळा केली.